उपाशीपोटी जीव तोडून पळा, म्हणे

गेल्या महिनाभरात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा, गोल्फ क्लबवर सकाळी चालणाऱ्यांचा आणि सासरचा. मजकूर थोडक्यात असा: रात्री ८ ला जेवण संपवा, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत फक्त पाणी. सकाळी ६ ला उपाशीपोटी २० मिनिटं जीव तोडून व्यायाम. दोरी, बर्पी (खाली वाकून, दंड घालून, उठून उडी), जिने, जे जमेल ते. पोटात काही नसल्यामुळे शरीराला चरबीच जाळावी लागते. वजन तिप्पट वेगाने उतरतं, २१ दिवसांत शुगरची गोळी बंद. खाली पुरावा म्हणून नोबेल, त्याखाली एकादशीचा दाखला, आणि शेवटी नेहमीचं 'डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत'.

माझं नाशकात मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टर सांगणार नाहीत म्हटल्यावर लोक विचारायला माझ्याच काउंटरवर येतात, शिवाय आमचा वजनकाटा फुकट आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

'पोटात काही नाही, म्हणून चरबीच जळते.' पोट रिकामं असलं तरी शरीर रिकामं नसतं. यकृतात साधारण शंभर ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या तीन-चारपट साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरतो, स्नायूंतला मात्र जवळजवळ तसाच राहतो. गप्पा मारत चालताना चरबीचा वाटा मोठा असतो. धाप लागेल असा जोर लावला की चित्र पालटतं, कारण चरबीतून ऊर्जा निघायला वेळ लागतो आणि स्नायूंना ती त्याच क्षणी हवी असते. चुलीवर आच झटकन वाढवायची असेल तर आपण काटक्या सारतो, ओंडका नाही. तसंच शरीर इथे साठवलेली साखर सारतं. म्हणजे चरबी जाळायची म्हणून मेसेजने जो व्यायाम निवडलाय, तोच नेमका साखर जाळणारा आहे.

उपाशीपोटी बेताचा व्यायाम केला तर तेवढ्या वेळापुरती चरबी थोडी जास्त वापरली जाते, हे खरं. पण शरीर हिशेब तासाचा ठेवत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत २० तरुणींवर हेच करून पाहिलं होतं. सगळ्यांना बेताचा आहार, आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम. निम्म्या उपाशीपोटी, निम्म्या खाऊन. चार आठवड्यांनी दोन्हीकडची चरबी सारखीच कमी झाली. सकाळी जास्त जाळलेलं शरीराने उरलेल्या दिवसात बरोबर करून घेतलं असावं, इतकंच.

'वजन तिप्पट वेगाने.' कशाच्या तिप्पट, ते मेसेजमध्ये नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. वीस मिनिटं कितीही उड्या मारा, दोन-अडीचशेच्या फार पुढे आपल्यासारखा माणूस जात नाही. त्यात आपल्याकडे रविवार आहे, आणि रविवारी मिसळ आहे. दही, पापड, जादा पाव, वर जिलेबी. उपास दुपारी १२ ला सुटला म्हणून ती हलकी होत नाही.

सोळा तासांच्या उपासाचं काय? चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ स्थूल लोकांवर वर्षभर चाललेला अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. सगळ्यांचं खाणं सारखंच मोजून कमी केलेलं, पण एका गटाने ते सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळात खायचं. त्या गटाचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान ठरला. २०२० च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ११६ जण होते. काय खायचं ते सांगितलंच नव्हतं, फक्त वेळ सांगितली होती, दुपारी १२ ते रात्री ८. बारा आठवड्यांत उतरलं किलोभरसुद्धा नाही, आणि तीन वेळा जेवणाऱ्यांचंही जवळपास तेवढंच. ज्यांचं रात्री टीव्हीसमोरचं फरसाण वेळेमुळे सुटतं, त्यांना या पद्धतीचा फायदा होतो. मी पाहिलेत असे. पण तो फायदा फरसाण सुटल्याचा असतो.

काट्यावर उभं राहून खूश होणाऱ्यांना अजून एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे उतरलेल्यातलं स्नायू किती. चाळिशीनंतर स्नायू सहज जातो आणि मेहनतीने येतो. खाल्लेली साखर सर्वात जास्त रिचवतोही तोच. याबाबतीत २०१६ चा इटलीतला एक अभ्यास मला आवडतो. ३४ पुरुष, वजनं उचलणारे, आठ आठवडे. आठ तासांच्या वेळात खाणाऱ्यांची चरबी घटली आणि स्नायू टिकले. उपासवाले हा अभ्यास हौसेने पुढे करतात. पण त्या लोकांचं पहिलं जेवण दुपारी १ ला होतं आणि व्यायाम संध्याकाळी ४ ते ६. प्रथिनं पोटभर. उपाशीपोटी कोणी काही उचललं नव्हतं.

मग दोन्ही एकत्र करूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. नॉर्वेत १३१ वजनदार स्त्रियांवर नेमका याच जोडीचा अभ्यास झाला, तोही २०२२ चा. सात आठवडे, खाणं दिवसातल्या दहा तासांत, आठवड्यातून तीनदा जोराचा व्यायाम. दोन्ही करणाऱ्यांचं तीन महिन्यांच्या सरासरीचं शुगरचं माप, आपलं एचबीएवनसी, थोडं सुधारलं. ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत मात्र फरक निघाला नाही. दहा तास म्हणजे सकाळी ९ ला न्याहारी, संध्याकाळी ७ ला जेवण. आपल्या आज्या असंच जेवत होत्या, फक्त त्याला नाव नव्हतं.

नोबेलचं पटकन उरकतो. योशिनोरी ओसुमींना ते २०१६ मध्ये मिळालं, पेशी आपलाच टाकाऊ भाग पचवून पुन्हा कसा वापरते ते उलगडल्याबद्दल. मूळ प्रयोग यीस्टवर. माणसाने सोळा तास उपास करून बर्पी माराव्यात, असं त्यात काही नाही.

एकादशीला आपल्या घरी काय होतं ते आपण जाणतोच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, दाण्याचं कूट, तूप. नवरात्रात वणीच्या गडावर नाशकातून चालत जाणारे खरे उपासाचे असतात, साठेक किलोमीटर. पण ते पळत नाहीत. रात्रभर आपल्या चालीने चालतात आणि वाटेत केळी, चहा, खिचडी घेतात. दीक्षित सरांचं दोन जेवणांचं सूत्र घराघरात पोचलं, त्यातही ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंच सांगितलंय.

आता '२१ दिवसांत गोळी बंद'. ज्याच्यामुळे लिहायला बसलो, ते हे वाक्य.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी आठला शटर वर करत होतो, तर ओळखीतले एक काका पायरीवर बसलेले. पायात बूट, शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते.

"काका, काय झालं?"

"काही नाही रे, पांडवलेणीला गेलो होतो. जरा गरगरलं."

पायऱ्या तीनदा चढून-उतरून आले होते. आदल्या रात्री ८ नंतर पोटात काही नाही. आणि सहा वाजता ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेतलेली, कारण पाकिटावर मीच 'नाश्त्याआधी' लिहून दिलं होतं आणि काका गोळी कधी चुकवत नाहीत. नाश्ताच दुपारी १२ वर गेलाय, हे ना त्यांनी मला सांगितलं ना डॉक्टरांना. शुगरच्या मशीनवर ५४ आलं. सत्तरच्या खाली धोका. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८१. मग समोरून पोहे मागवले.

ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. त्यात जोराच्या व्यायामात स्नायू साखर खेचतात. बरं, तिचा अंमल दिवसभर असल्यामुळे ती नुसती दुपारी घेऊन भागतं असंही नाही, मात्रा बदलावी लागू शकते. इन्शुलिन टोचणाऱ्यांचं तेच. मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी, ती एकटी असेल तर ही भीती फार कमी. डापाग्लिफ्लोझिन या तिसऱ्या औषधाचा घोळ वेगळा: ते साखर लघवीतून काढतं, आणि लांबच्या उपासात रक्तातलं आम्ल वाढू शकतं. मशीनवरचा आकडा तेव्हा फारसा चढलेला नसतोही, म्हणून वांती, पोटदुखी, धाप याकडे पित्त म्हणून बघितलं जातं. गोळ्या कमी होतात का? होतात, वजन खरंच उतरलं की डॉक्टर स्वतःच कमी करतात. पण आधी गोळीचं ठरवायचं, मग उपास धरायचा. मेसेजने क्रम उलटा लावलाय.

काकांच्या डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. सकाळी ९ ला भाकरी-भाजी, संध्याकाळी ७ ला जेवण, आणि पायऱ्या संध्याकाळी पाचला, एकदाच. ट्रॅकपँटच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायला मी सांगितलं होतं. परवा विचारलं, आहे ना खिशात?

"नातवाने खाल्ली," म्हणाले. "दुसरी दे."