एकट्या बाईला मूल मिळत नाही म्हणे!

आठवडाभर झाला, सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सरकारनं मदर तेरेसांच्या संस्थेची दत्तक केंद्रं ख्रिश्चन म्हणून बंद पाडली, नव्या कायद्यात एकट्या नाहीतर घटस्फोटित बाईला मूल मिळतच नाही, अमेरिकेतही कोर्टानं चर्चच्या संस्थांना टाळं लावलं, वेटिंग संपता संपत नाही, तेव्हा शहाणे असाल तर ओळखीच्या हॉस्पिटलातनं बाळ घ्या आणि पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून टाका. खाली मोबाईल नंबर. असले मेसेज मी वाचून सोडून देतो, पण हा तासगावच्या माझ्या मावसबहिणीला आला, ती घटस्फोटित आहे, चाळिशीला टेकलीय, आणि तिनं सरळ मला विचारलं, "दादा, नोटरी करणारा वकील कोण आहे का ओळखीचा?" मग डोकं फिरलं.

आधी स्टँपचंच बघू, कारण बाकीचं चुकीचं आहे पण हे माणसाला आत घालणारं आहे. बाल न्याय कायदा 2015, कलम 80: अनाथ, टाकलेलं किंवा आईबापांनी सोडलेलं मूल प्रक्रिया डावलून दत्तक दिलं किंवा घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाख दंड, नाहीतर दोन्ही. देणाराच नाही, घेणारा पण! पैसे दिले असतील तर कलम 81, मूल विकणं-विकत घेणं, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर लाखाचा दंड. आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे असा हॉस्पिटलचा नाहीतर मॅटर्निटी होमचा माणूस त्यात असला तर त्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे मेसेजवाला ज्या ओळखीच्या नर्सबाईंचा भरवसा देतोय त्यांच्यासाठी कायद्यानं वेगळी ओळच लिहून ठेवलीय.

यात अर्धं खरं एवढंच, की हिंदू दत्तक कायदा 1956 प्रमाणे दत्तकपत्र रजिस्टर करून मूल घेता येतं, आपल्याकडं भावाचं पोरगं घेतात ते तसंच. पण तिथं मूल द्यायचा हक्क आईबापांना, ते नसतील तर कोर्टाच्या परवानगीनं पालकाला. नर्सला नाही, एजंटला नाही, "ट्रस्ट"ला तर नाहीच. आणि पैशाची देवाणघेवाण त्या कायद्यातही गुन्हाच आहे. एखाद्या पोरीला बाळ खरंच ठेवता येत नसेल तर ती बाल कल्याण समितीपुढं सोडू शकते आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. स्टँपवर सही घेतली की ते दोन महिने कुणी द्यायचे तिला?

आता मदर तेरेसांचं. तिथं मेसेजवाल्यानं सगळं उलटं करून टाकलंय. ऑगस्ट 2015 ला दत्तकाचे नवे नियम आले, आणि त्याच साली मिशनरीज ऑफ चॅरिटीनं आपणहून सांगितलं की आम्हाला दत्तकाचं काम नको, मान्यता काढून घ्या. कारण काय? एकट्या, घटस्फोटित माणसांना मूल देणं त्यांच्या धर्माच्या शिकवणीत बसत नव्हतं! घर म्हणजे नवरा-बायको दोन्ही पाहिजेत असं त्यांचं म्हणणं. त्यांची श्रद्धा आहे, ती त्यांनी पाळली, लपवाछपवी न करता बाजूला झाले, त्याबद्दल मी त्यांना शिव्या घालणार नाही. अनाथांची, आजाऱ्यांची त्यांची घरं पुढंही चालू राहिली. पण माझ्या बहिणीसारख्या बाईला मूल द्यायला नको म्हणत होते ते कोण आणि द्या म्हणत होतं ते कोण, हे तरी नीट सांगा की लेको. बाल न्याय कायद्याचं कलम 57 स्वच्छ म्हणतंय, एकटी किंवा घटस्फोटित व्यक्ती दत्तक घेऊ शकते. अडवलंय ते एकट्या पुरुषाला, त्याला मुलगी घेता येत नाही.

सरकार धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. डिसेंबर 2021 ला ह्याच संस्थेचं परदेशी देणग्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं नाकारलं, बोंब झाली, आणि जानेवारीत गपचूप परत दिलं. ते शंका घेण्यासारखंच होतं, पण त्याचा दत्तकाशी संबंध नाही.

अमेरिकेचं एका दमात संपवतो. बॉस्टनच्या कॅथलिक चॅरिटीजनं 2006 ला समलिंगी जोडप्यांना मूल द्यावं लागेल म्हणून दत्तकाचं काम स्वतःच बंद केलं, कोर्टानं नाही. आणि कॅथलिक संस्थेनं फिलाडेल्फिया शहराविरुद्ध केलेल्या अशाच केसमध्ये, ती पण मुलांच्या तात्पुरत्या सांभाळाची, दत्तकाची नाहीच, 2021 ला तिथलं सुप्रीम कोर्ट नऊच्या नऊ जजनी कॅथलिक संस्थेच्या बाजूनं गेलं.

राहिलं वेटिंग. ते मात्र आहे, तान्हं बाळ पाहिजे तर तीन वर्षं आणि वर कितीही धरून चाला, उगाच खोटं कशाला सांगू. त्यात दोन वर्षांच्या आतलं मूल पाहिजे तर एकट्या पालकाची वयोमर्यादा चाळीस, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पंचेचाळीस, चार ते आठसाठी पन्नास. म्हणून बहिणीला सांगितलंय, तान्ह्याचा हट्ट सोड, केअरिंग्स म्हणून दत्तकाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर ह्याच आठवड्यात नोंदणी कर, घटस्फोटाची ऑर्डर आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेव, आणि अडलंच कुठं तर सांगलीला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचार, त्या मोबाईल नंबरवर नाही.