‘आधी केमो, मूलबाळ नंतर’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला आणि नेमका माझ्या ताईने वाचला. तिची मुलगी २७ वर्षांची, राहायला उदगीरला, स्तनाच्या कॅन्सरचं निदान नुकतंच झालेलं. मेसेज म्हणतो: स्त्रीबीजं गोठवायला दोन-तीन महिने लागतात, त्यासाठीच्या इंजेक्शनांनी कॅन्सर भडकतो, पुण्या-मुंबईत महिनाभर खोली घेऊन राहावं लागतं, व्हिडिओवर सल्ला देणारे डॉक्टर बेकायदा असतात आणि अशी मुलं अपंग जन्मतात. म्हणून ‘आधी केमो उरका, मूलबाळ नंतर बघू.’ ताईचा लगेच फोन: “राहू दे गं, नको त्या भानगडीत पडायला.”

सगळ्यात घातक आहे ते हे ‘नंतर बघू’. बाई जन्माला येते तीच बीजांचा साठा घेऊन, त्यात पुढे भर पडत नाही. सायक्लोफॉस्फमाइडसारखी केमोची औषधं हा साठाच कमी करतात. केमोनंतर पाळी परत आली तरी ती कायमची थांबण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. त्यात स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर पुढे पाच-दहा वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या, त्या चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात, म्हणजे वयही हातचं गेलं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ या संघटनेने २००६ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नंतर वेळोवेळी सुधारल्या. त्यांचा गाभा एकच: हे बोलणं उपचार सुरू व्हायच्या आधी, शक्य तितक्या लवकर करा. मेसेज लिहिणाऱ्याने बरोबर उलटं सांगितलंय, आणि ते ऐकणारी मुलगी गेलेली वेळ परत आणू शकत नाही.

दोन-तीन महिने? पूर्वी पाळीची वाट बघत बसावं लागे. आता पाळीच्या कुठल्याही दिवशी बीजं वाढवणारी इंजेक्शनं सुरू करतात, साधारण दोन आठवड्यांत काम होतं. ऑपरेशन आधी असेल तर ऑपरेशन आणि केमोच्या मधल्या काळातच ते बसतं. झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र तेवढीही सवड बहुतेकदा नसते, हे मान्य. पण ते ठरवायचं कॅन्सरच्या डॉक्टरांनी.

इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढतं, इतकं खरं. म्हणूनच अशा रुग्णांना सोबत लेट्रोझोलची गोळी देतात, ती इस्ट्रोजेन खाली ठेवते. बीजं गोठवलेल्या बायकांच्या पाठपुराव्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही.

आता तो ‘बेकायदा’ सल्ला. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली, नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर रुग्ण तपासू शकतात. मी शेवटी ताईला आणि भाचीला बसवून बीजं गोठवणाऱ्या सेंटरच्या डॉक्टरबाईंना व्हिडिओ कॉल लावलाच. त्यांचा पहिला प्रश्न होता, पहिल्या केमोची तारीख कोणती? बायोप्सीचे रिपोर्ट फोनवरच पाठवले, एएमएचच्या, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणाऱ्या तपासणीसाठी रक्त गावातल्याच लॅबमध्ये दिलं. बेंबीपासून दोन बोटं बाजूला कातडी चिमटीत धरून इंजेक्शन कसं घ्यायचं, औषध फ्रीजमध्ये ठेवायचं पण बर्फाच्या कप्प्यात नाही, हेही त्यांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. सुरुवातीची सोनोग्राफी जवळच्या गावात चालेल का, तेही विचारून घेता येतं.

बीजं काढायला मात्र सेंटरलाच जावं लागतं, भूल देऊन. बहुतेक बायका त्याच दिवशी घरी येतात. फेऱ्या चुकत नाहीत, पण महिनाभराची खोली कशाला? खर्च मोठा आहे, औषधांचा आणि दरवर्षी साठवणुकीचा, त्याबद्दल मेसेजने लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. सेंटर २०२१च्या एआरटी कायद्याखाली, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या सेवांसाठीच्या कायद्याखाली, नोंदलेलं आहे ना, तेवढं विचारा.

अपंग मुलांचं म्हणाल तर केमोआधी काढलेल्या बीजांना केमो लागलेलाच नसतो. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या मुलांवर मोठे अभ्यास झालेत, त्यांतल्या बहुतेकांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही.

आणि या मेसेजमध्ये मुलग्यांबद्दल एक ओळ नाही! त्यांना तर इंजेक्शनही नको, भूलही नको. वयात आलेल्या मुलाचा वीर्याचा नमुना केमोच्या आदल्या दिवशीही गोठवता येतो. लाजेपायी घरात कोणी विषय काढत नाही. मग निदान कॅन्सरच्या डॉक्टरांना तरी विचारा, पहिली सलाईन लागायच्या आधी.