चार अक्षरांवर कुणाची वकिली अडत नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो माहेरच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि ऑफिसातल्या एका ज्युनिअरनेही 'मॅडम, मस्ट रीड' म्हणून पाठवला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जगातला प्रत्येक माणूस १६ प्रकारांपैकी एकात बसतो. हे थोर मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी सिद्ध केलंय. दहा मिनिटांची टेस्ट दिली की आपला चार अक्षरी प्रकार कळतो. तो जन्मजात असतो, कधीच बदलत नाही. म्हणून मुलांचं करिअर त्यावरून ठरवा, लग्नं पत्रिकेऐवजी त्यावरून जुळवा. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा याच टेस्टवर माणसं घेतात. खाली टेस्टची लिंक, त्याखाली कुठल्या प्रकाराने काय करावं आणि काय टाळावं याचा तक्ता, आणि सगळ्यात शेवटी 'पालकांसाठी विशेष कार्यशाळा' म्हणून एक मोबाइल नंबर. एवढा खटाटोप त्या नंबरासाठीच आहे, हे वेगळं सांगायला नको.

एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे जाते. पण हा माझ्या भाचीने मनावर घेतला. पोरीची बारावी झालीय, पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिलीय. परवा घरी आली आणि पोहे खाता खाता म्हणाली, "मावशी, लॉचं राहू दे आता. मी आयएनएफपी आहे."

"म्हणजे काय झालंय तुला?"

"अगं, टाइप आहे माझा. टेबलमध्ये बघ ना. आयएनएफपीने टाळायच्या यादीत वकिली पहिलीच आहे."

मी मुंबईत फोर्टात एका सॉलिसिटरांच्या ऑफिसात नोकरी करते, वकील उठताबसता बघते. त्यामुळे सुरुवात याच मुद्द्यापासून. बाकीचे नंतर, आटोपशीर.

आधी ती अक्षरं काय आहेत ते बघू. मुळात ती मायर्स-ब्रिग्ज नावाच्या टेस्टची. चार जोड्या आहेत. ई की आय, म्हणजे माणसांत रमणारे की आपल्यात राहणारे. एस की एन, म्हणजे समोर दिसतं त्यावर भिस्त ठेवणारे की त्यापलीकडच्या शक्यता बघणारे. टी की एफ, म्हणजे निर्णय घेताना तर्क पुढे की माणसं पुढे. आणि जे की पी, म्हणजे आधी आखून चालणारे की ऐनवेळी ठरवणारे. प्रत्येक जोडीतलं एक अक्षर उचलायचं, की झाले १६ प्रकार.

भाचीच्या निकालाचा स्क्रीनशॉट मी नीट बघितला. तिसऱ्या जोडीत तिला एफ मिळाला होता, ५२ टक्के. म्हणजे टी ४८. मग मी तो तक्ता उघडला. एफच्या जागी टी आला असता तर पोरगी आयएनटीपी ठरली असती. आणि आयएनटीपीच्या रांगेत 'योग्य करिअर' खाली काय लिहिलंय? संशोधक, प्रोग्रॅमर, वकील. अहो, वकील! एका रांगेत वकिली टाळा, दुसऱ्या रांगेत वकिली करा, आणि दोन्हींमध्ये फरक फक्त एकदोन उत्तरांचा.

मी तिला विचारलं, त्यात प्रश्न काय काय होते? एक तिला आठवत होता. वाद जिंकण्यापेक्षा समोरच्याचं मन न दुखावणं तुम्हाला महत्त्वाचं वाटतं का, असा काहीसा. तिने 'हो' म्हटलं होतं. का, तर उत्तर देताना डोळ्यांसमोर आजी होती. याच पोरीने सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टँकरची बिलं एकेक करून वाचली होती आणि सेक्रेटरींना घाम फोडला होता. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी! तो प्रश्न वाचताना आजीऐवजी सेक्रेटरी आठवले असते तर? प्रश्न असे मोघम असतात. कुणाशी वाद, कशावरून, कुठे, हे काहीच विचारत नाहीत. उत्तर मात्र कायमचं धरलं जातं.

यातली मूळ गडबड साधी आहे. माणसांचे स्वभाव दोन ढिगांत वाटलेले नसतात. बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात, अगदी टोकाला थोडे. टेस्ट मात्र बरोबर मधोमध रेघ मारते. दहावीला ३५ला पास असतं, तसं. ३४वाला नापास आणि ३६वाला पास, आणि ३६वाला व ९८वाला दोघेही एकाच शिक्क्याखाली. निदान मार्कशीटवर आकडे तरी छापतात. इथे आकडा विसरतात आणि अक्षर गळ्यात बांधून फिरतात.

आता वकिलीचं. हा तक्ता करणाऱ्याने वकील फक्त सिनेमात बघितलेला दिसतो. काळा कोट, टेबलावर मूठ, 'मिलॉर्ड'. हायकोर्टात उभं राहून युक्तिवाद करणारे वकील असतात, नाही कुठे? पण त्यांच्या हातातलं ब्रीफ, म्हणजे खटल्याची कागदपत्रं, कुणीतरी तयार केलेलं असतं. मुंबईत तर सॉलिसिटर ही वेगळी परंपराच आहे. कन्व्हेयन्स डीड म्हणजे मालकी हस्तांतराचे दस्त, करारनामे, टायटल सर्च म्हणजे मालकीहक्काची तपासणी, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं हे सगळं टेबलावर बसून, वाचून, पुन्हा वाचून होणारं काम. आमच्या ऑफिसातले एक सर दिवसभरात मोजकी वाक्यं बोलतात. पण ऐंशी पानी करारातला एक चुकीचा 'किंवा' त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्या 'किंवा'मुळे अशिलाचा फ्लॅट जाऊ शकतो. या तक्त्याप्रमाणे सरांनी कॉलेजातच दुसरी वाट धरायला हवी होती. आणि खटला कोर्टात सुनावणीला लागल्यावर उभं राहून बोलायचं म्हटलं तरी ते शिकण्याचं काम आहे. पहिल्या तारखेला सगळ्यांचेच पाय लटपटतात, ईवाल्यांचेही.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकी लष्कराच्या सांगण्यावरून तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने माणसांची कामगिरी सुधारण्याचे दावे करणाऱ्या नाना पद्धती तपासल्या. त्यात ही टेस्टही होती, मायर्स-ब्रिग्ज. १९९१मध्ये समितीचा अहवाल आला. करिअर मार्गदर्शनासाठी ही टेस्ट वापरावी असं म्हणण्याइतकं पुरेसं, नीट आखलेलं संशोधनच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. करिअर मार्गदर्शनासाठी, बरं का. म्हणजे मेसेजमध्ये जो उपयोग सगळ्यात वर लिहिलाय, नेमका तोच. शिवाय एखाद्या धंद्यात अमुक टाइपची माणसं जास्त दिसली, तरी ती ते काम चांगलं करतात असं त्यातून निघत नाही. तिथे जास्त दिसतात, एवढंच निघतं. कमी दिसणाऱ्यांना जमत नाही, हे तर मुळीच निघत नाही.

आवड तपासणं वेगळं. आपल्या बोर्डाने २०१६पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. तिच्यावरही टीका झाली असेल, पण ती मुलाचा ओढा कुठल्या क्षेत्राकडे आहे ते विचारायची. आणि तिच्या निकालावरून कुणाचा प्रवेश अडला नाही. 'तू अमुक प्रकारची आहेस, तेव्हा हे दार तुला बंद' असं म्हणणं ही निराळीच गोष्ट आहे. अठरा वर्षांच्या पोरीला ते एका फॉरवर्डने ऐकवावं याचा मला राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

'युंगने सिद्ध केलं' हा दुसरा दावा. युंगचं प्रकारांवरचं पुस्तक १९२१चं. त्यात त्याने आपले रुग्ण, आपलं वाचन आणि आपलं चिंतन यांतून मांडणी केली. प्रश्नावली नाही, आकडेवारी नाही. टेस्ट बनवली ती कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी. युंग वाचून भारावलेल्या दोघी, आणि मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नाही. इसाबेलची पदवी राज्यशास्त्राची. दुसऱ्या महायुद्धात बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येने कामावर जाऊ लागल्या, त्यांना मानवेल असं काम मिळावं म्हणून तिने हे सुरू केलं. हेतूला मी नावं ठेवणार नाही. आणि पदवी नाही म्हणून काम वाईट, असंही म्हणत नाही. पण जे युंगने केलंच नाही ते त्याच्या नावावर खपवू नका. जे-पीची चौथी जोडी तर या मायलेकींनीच जोडली. आणि एक: इंटरनेटवर फुकट मिळतात त्या बहुतेक टेस्ट मूळ मायर्स-ब्रिग्ज नसतातच. सगळ्यात लोकप्रिय वेबसाइट, सिक्स्टीन पर्सनॅलिटीज, अक्षरं तीच वापरते, पण आतलं गणित तिचं स्वतःचं आहे.

'कधीच बदलत नाही' याला एका ओळीत उत्तर. डेव्हिड पिटेंजर या मानसशास्त्रज्ञाने १९९३मध्ये या टेस्टवरचं संशोधन तपासून दाखवलं, की पाच आठवड्यांनी पुन्हा टेस्ट दिली तर निम्म्यापर्यंत लोक वेगळ्याच प्रकारात जातात. जन्मजात म्हणे!

लग्नाच्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घालवणार नव्हते, पण सोसायटीच्या ग्रुपवर दोन आयांनी खरंच मुलांची अक्षरं टाकलीत. पत्रिकेत निदान ३६ गुण तरी असतात आणि १८ जुळले की गुरुजी पुढे जाऊ देतात. इथे चार अक्षरांत निकाल. आता गंमत ऐका. माणूस किती चटकन चिडतो, किती काळजी करतो, मन किती लवकर ढळतं, हे मोजणारं अक्षर या चारांत नाहीच! संसारात सगळ्यात जास्त फरक कशाने पडत असेल तर यानेच, हे कुठल्याही आजीला विचारा. आजचे मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. मॅक्रे आणि कोस्टा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८९मध्ये दाखवलं, की मायर्स-ब्रिग्जच्या चार जोड्या त्यांपैकी चार पैलूंशी कमीजास्त जुळतात, आणि पाचवा, हाच अस्थिरतेचा, गायब आहे. तो नसल्यामुळेच टेस्टचा निकाल कुणाला बोचत नाही. सोळाच्या सोळा प्रकार गोड. वर, नवराबायकोचे स्वभाव एकमेकांशी जुळण्याने सुख फारसं वाढत नाही, असं ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो जोडप्यांच्या २०१०मधल्या अभ्यासात दिसलं. प्रत्येकाचा स्वतःचा स्वभाव कसा आहे, त्याचा परिणाम त्याहून जास्त.

"पण मावशी, माझं वर्णन इतकं बरोबर कसं आलं मग?" हा भाचीचा प्रश्न, आणि तुमच्यापैकीही अनेकांचा असणार. १९४८मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. किती बरोबर आहे, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी चाराच्या वर गेली. मग कळलं, कागद सगळ्यांचा एकच होता आणि त्यातली वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. तुमच्यात न वापरलेली क्षमता पुष्कळ आहे, असं एक. आणि एक तर फारच भारी: कधी तुम्ही बोलके, मिळूनमिसळून असता, तर कधी अबोल आणि सावध. आता यातून सुटणार कोण? भाचीच्या निकालाची तीन पानं आम्ही दोघींनी मिळून वाचली. त्यातली निम्मी वाक्यं मला लागू पडत होती, बरीचशी तिच्या आईला. माझी बहीण आणि भाची यांच्यात साम्य शोधायला दुर्बीण लागेल. शिवाय टेस्टने विचारलं 'एकटं बसायला आवडतं का', ही 'हो' म्हणाली, टेस्ट म्हणाली 'तुम्हाला एकांत प्रिय आहे'. बरोबर येणारच की.

बरं, काहीच खरं नाही का यात? आहे, नाइलाजाने मान्य करते. काही माणसं गर्दीत फुलतात, काही दमतात, हे थोतांड नाही. वर सांगितलेल्या १९९१च्या समितीनेही ई-आयची मोजपट्टी बऱ्यापैकी टिकते असं म्हटलंय. इतर जोड्यांबद्दल मात्र तसं म्हटलं नाही. आणि स्वभावाबद्दल घरात बोलायला एक निमित्त मिळतं, हेही खरं. भाचीने या टेस्टच्या निमित्ताने पहिल्यांदा कबूल केलं, की अनोळखी लोकांसमोर बोलायची तिला भीती वाटते. तेवढं कळलं, ठीक झालं. त्यासाठी वक्तृत्वाची तयारी असते, मूट कोर्ट म्हणजे सरावाचे लुटुपुटीचे खटले असतात. लॉ सोडून द्यायचं कारण नसतं.

राहिल्या कंपन्या. वापरतात, पुष्कळ वापरतात, ऑफसाइटला आणि टीम बिल्डिंगला. पण मेसेज म्हणतो की याच्यावर नोकऱ्या देतात. या टेस्टचं काम बघणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज फाउंडेशनचाच नियम आहे, की नोकरीसाठी माणसं निवडायला किंवा वगळायला ही टेस्ट वापरणं नीतीला धरून नाही. तेव्हा बीकेसीतल्या कुठल्या कंपनीच्या मुलाखतीत एचआरने तुमचा टाइप विचारला, तर टेस्ट देण्याआधी हा नियम त्यांना माहीत आहे का, एवढं शांतपणे विचारून घ्या.