पोरगी जागी

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. "गच्चीवरचा तारांचा सांगाडा आठ दिवसांत काढून घ्यावा. मोबाईलच्या जमान्यात याची गरज काय?" खाली सतरा अंगठे. त्यातले निम्मे लोक माझ्या घरी चहाला येतात.

तारांचा सांगाडा म्हणे. तो माझा हॅम रेडिओचा यागी अँटेना आहे, एका दिशेला रोखून लांबचे सिग्नल पकडणारा. आणि हा मेसेज टाकायला त्यांना नेमका आजचाच दिवस सापडावा? 28 नोव्हेंबर!

1983 साली याच तारखेला कोलंबिया शटल उडालं. त्यात सहा माणसं होती आणि त्यांतले एक होते ओवेन गॅरियट. ओक्लाहोमातल्या एनिड गावचे, शाळकरी वयापासून हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे. कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव, डब्ल्यू फाइव्ह एल एफ एल. पुढे स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले, 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर 59 दिवस राहून आले. तेव्हा हॅम सेट न्यायची परवानगी मिळाली नव्हती. दहा वर्षांनी मिळाली. हातात मावणारा सेट आणि यानाच्या खिडकीला लावलेला अँटेना, एवढंच सामान. बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या. पाळी संपली की माणूस झोपेल, खिडकीतून पृथ्वी बघत बसेल. हे आपल्या विश्रांतीच्या वेळात सेट घेऊन बसायचे, खाली गच्चीवर, परसात, गॅरेजमध्ये बसलेल्या अनोळखी लोकांशी बोलायला.

त्या डिसेंबरात मी नऊ वर्षांची होते. कराडला आमच्या काकांच्या गच्चीवर. काका हायस्कूलात विज्ञान शिकवायचे आणि गावात त्यांना सगळे 'वायरलेसवाले मास्तर' म्हणायचे. चाळीस मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर कुणा हॅमने त्यांना यान डोक्यावरून जाण्याच्या वेळा सांगितल्या होत्या. वेताच्या काठीला ॲल्युमिनियमच्या सळ्या बांधून त्यांनी अँटेना केला आणि काठी माझ्या हातात दिली. "उत्तरेकडे धर. हळूहळू फिरव. हलवू नकोस." अंगात स्वेटर, डोक्याला काकूची शाल, आणि सेटमधून नुसता सूंऽऽ आवाज. साधारण अडीचशे किलोमीटरवरून जाणारं यान एका क्षितिजावरून दुसऱ्यावर आठेक मिनिटांत जातं. तेवढी आठ मिनिटं काकांनी श्वास रोखून धरला होता. काही आलं नाही. त्यांनी लॉगबुकात, म्हणजे रेडिओच्या नोंदवहीत, आधी फ्रिक्वेन्सी टाकून लिहिलं, "145.55. सिग्नल नाही. आकाश स्वच्छ. पोरगी जागी."

ते लॉगबुक माझ्याकडे आहे. आत्ता टाइप करताना शेजारी उघडं ठेवलंय.

गॅरियट यांच्याशी पहिला संपर्क जमला तो मोंटानातल्या एका हॅमला. पुढे जॉर्डनचे राजे हुसेन यांच्याशीही बोलणं झालं, कारण तेही हॅम होते, कॉल साइन जेवाय वन. राजा असो की मास्तर, फ्रिक्वेन्सी एकच. एक मिनिट बोलायचं, पुढचं मिनिट नुसतं ऐकायचं, अशी त्यांची पद्धत. खालून एकाच वेळी कितीतरी जण हाका मारत असायचे. तोवर अंतराळात कोण कुणाशी बोलणार हे नियंत्रण कक्ष ठरवायचा. या माणसाने तो दरवाजा आमच्यासारख्यांना उघडून दिला.

हो, संपर्क म्हणजे तरी काय, कॉल साइन सांगायची आणि संपलं, गप्पा काही होत नव्हत्या. मान्य. नासाची प्रसिद्धीही झाली असेल, तेही मान्य. पण स्वतःच्या झोपेतला वेळ कोण देतं हो?

आणि 'गरज काय' विचारणाऱ्यांनो, 2025 च्या जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून बेंगळुरू आणि शिलाँगच्या मुलांशी बोलले तेव्हा याच ग्रुपवर तुम्ही तिरंगे टाकले होते. ते बोलणं हॅम रेडिओवरूनच झालं होतं! गॅरियट यांनी खिडकीला अँटेना लावला तिथून सुरू झालेली वाट आहे ती. किल्लारीच्या भूकंपात, अंदमानच्या सुनामीत फोन मेले तेव्हा निरोप कुणी पोचवले, तेही जरा विचारा कुणाला तरी.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. सेक्रेटरी काका वाईट नाहीत. वीज पडण्याची भीती त्यांनी बोलून दाखवली होती, आणि अर्थिंगचं काम माझ्याकडून राहिलंय हे खरं आहे.

गॅरियट 15 एप्रिल 2019 ला गेले, 88 व्या वर्षी. आमच्यात गेलेल्या हॅमला 'सायलेंट की' म्हणतात. मी ती बातमी वाचली तेव्हा काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना तो आवाज कधीच ऐकू आला नाही. पण दुसऱ्या रात्री ते पुन्हा गच्चीवर गेले होते, आणि तिसऱ्याही. लॉगबुकात तीन ओळी आहेत. तिन्हींत 'सिग्नल नाही', आणि तिन्हींत 'पोरगी जागी'.

रविवारी इलेक्ट्रिशियन बोलावलाय, अर्थिंगची तार खालपर्यंत सोडणार आहे. खर्च माझा. अँटेना उतरवणार नाही. संध्याकाळी अंतराळ स्थानक डोक्यावरून जाईल तेव्हा मी 145.800 मेगाहर्ट्झ लावून बसलेली असेन. त्या सतरा जणांपैकी कुणाला ऐकायला यायचं असेल तर या, पोरांना घेऊन या. काठी धरायला माणूस लागतंच.

73, म्हणजे आम्हा हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा.