टायमिंग चेन आणि ‘चालतंय की’

यापुढं जो कोणी टायमिंग चेनबद्दल मला ‘चालतंय की’ म्हणेल, त्याच्या हातात मी वाकलेला व्हॉल्व्ह ठेवणार आहे. माझ्याकडं दोन आहेत. टायमिंग चेन म्हणजे पिस्टनच्या क्रँकवरून कॅम फिरवणारी इंजिनातली साखळी, आणि कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा.

गाडी पल्सर २२०. मोठा बोअर, कंप्रेशन वाढवणारा पिस्टन, जास्त लिफ्टचा कॅम, त्याला साजेशा कडक स्प्रिंगा. (हे बेकायदा आहे वगैरे घरी रोज ऐकतो, तुम्ही नका सांगू.) कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोरिंगचं काम एक नंबर झालं. कॅमचं विचारा, दहाजण दहा तास बोलतील. सायलेन्सरवर तर कीर्तनं. आणि ‘चेन कुठली टाकू?’ म्हटलं की सगळ्यांचं एकच, ‘‘कुठलीबी टाक भावा, चालतंय की.’’

अरे काय चालतंय? कडक स्प्रिंग दाबून व्हॉल्व्ह उघडायचा तर कॅमला सगळं बळ चेनकडूनच मिळतं. कॅमचं नाक पुढं सरकलं की तीच स्प्रिंग कॅमला उलट पुढं ढकलते. चेन आत्ता ताठ, लगेच सैल. ९,००० आरपीएमला कॅम मिनिटाला ४,५०० फेऱ्या मारतो आणि दर फेरीत हा हिसका दोनदा, दोन व्हॉल्व्हचा. शिवाय माझ्या हेडला फेसिंग मारलेलं, म्हणजे तळ घासून सपाट केलेला. हेड जेवढं खाली बसलं, तेवढी चेन ढिली आणि कॅम तेवढा मागं. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची दांडी पहिल्याच दिवशी नेहमीपेक्षा बाहेर आलेली. हे मला कुणी आधी सांगितलं? कुणी नाही. स्टिकर कुठला शोभेल ते मात्र चौघांनी सांगितलं.

दुकानात तीन खोकी पुढ्यात आली. ३५० चं, ७०० चं आणि ‘ओरिजनल’. मी शहाण्यासारखं ओरिजनल घेतलं. घरी येऊन होलोग्रामला नख लावलं, तर तो अख्खा निघून बोटाला चिकटला. चेनच्या पिनांची डोकी बघितली, काही चपटी ठोकलेली, काही वर आलेली. दुकानदाराला फोन केला, तर म्हणतो, ‘‘साहेब, माल एकच असतो, खोकं बदलतं.’’ किती सहज! जणू शेंगदाणे विकतोय.

आणि मी गाढव. रविवार होता, मिस्त्री मोकळा होता, बसवून टाकली.

१,८०० किलोमीटर झाले आणि सकाळी गार इंजिनला खरखर सुरू. ‘‘टेन्शनर गेलाय,’’ मिस्त्री म्हणाला. टेन्शनर बदलला, आठवडाभर आवाज बंद. म्हणजे दुखणं चेनचं आणि पट्टी टेन्शनरला. मग गगनबावड्याच्या रस्त्याला उतारावर एक गिअर खाली टाकला, खट्ट झालं आणि इंजिन गप्प. चेननं दात सोडले. ३२ दातांचं स्प्रॉकेट धरलं तर एक दात म्हणजे क्रँकचे साडेबावीस अंश, आणि असल्या पिस्टनच्या आणि व्हॉल्व्हच्या मधे तेवढी जागा असतेय कुठं? गाडी टेम्पोत घालून आणली.

जुनी कंपनीची चेन मी टाकून दिली नव्हती, नशीब. २५ हजार चाललेली. दोन्ही चेन एका खिळ्याला शेजारीशेजारी लटकवल्या. कड्या तेवढ्याच. पण नवी चांगली तीन मिलिमीटर खाली लोंबत होती. १,८०० किलोमीटरमध्ये! खाली तेलाची जाळी काढली तर तेलात चेन ज्यावर घासते त्या पॅडचे काळे तुकडे.

हेड उघडल्यावर पिस्टनवर दोन चंद्रकोरी उमटलेल्या, एक इनटेकची, एक एक्झॉस्टची. मी बघत बसलो. मिस्त्रीनं अंगठा फिरवला, पॉलिश पेपर शोधायला लागला आणि म्हणाला, ‘‘एवढं घासून बसवू भावा, चालतंय की.’’