टॉनी यांनी गरिबांना आळशी ठरवले नव्हते

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने पुण्यातल्या अभ्यासिकेतून वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला आणि खाली विचारले, "मावशी, वेबरच्या उत्तरात हे घातले तर चालेल ना?" ती स्पर्धा परीक्षेसाठी समाजशास्त्र घेऊन बसली आहे, आणि प्रोटेस्टंट धर्मनीतीचा भांडवलशाहीच्या वाढीशी संबंध जोडणारे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर तिच्या अभ्यासात आहेत. पानावर रिचर्ड हेन्री टॉनी या ब्रिटिश अर्थेतिहासकाराविषयी पाच-सहा वाक्ये होती आणि ती तिने व्हॉट्सॲपवरच्या एका संदेशातून जशीच्या तशी उतरवली होती. तोच संदेश त्याआधी दोन गटांवर मलाही आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. सोडून द्यायला नको होता.

संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: कोलकात्यात जन्मलेल्या टॉनी यांनी सिद्ध केले की प्रोटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही जन्मली आणि म्हणून युरोप श्रीमंत झाला; गरीब माणूस आळस आणि व्यसनांमुळे गरीब राहतो, हेही त्यांनी इतिहासातून दाखवले; पुढे ते कम्युनिस्ट झाले आणि सर्वांची खासगी मालमत्ता काढून घेऊन सगळ्यांना एकसारखे करा, असे आरामखुर्चीत बसून सांगू लागले; आणि डॉ. आंबेडकरांनी आपला प्रबंध त्यांच्याच हाताखाली लिहिला.

यातले आळसाचे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तेच घेते. टॉनी यांचा 'रिलिजन अँड द राइज ऑफ कॅपिटॅलिझम' हा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा मोठा भाग नेमका याच समजुतीचा उगम शोधतो. मध्ययुगीन चर्चच्या शिकवणुकीत गरिबाला आधार देणे हे धनिकाचे कर्तव्य होते, अडलेल्याकडून व्याज उकळणे आणि साठेबाजी करणे हे पाप होते, आणि बाजारातला भाव हा नीतीचा प्रश्न मानला जात होता. ही शिकवण प्रत्यक्षात किती पाळली गेली, याविषयी टॉनी यांच्या मनात कोणताही भ्रम नव्हता. चर्च स्वतःच मोठे जमीनदार होते, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. मात्र सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमध्ये धर्माने बाजारावरचा आपला अधिकार जवळजवळ सोडून दिला होता आणि श्रीमंती ही ईश्वरी कृपेची खूण, तर दारिद्र्य हा चारित्र्याचा दोष मानला जाऊ लागला होता. टॉनी यांनी हे स्थित्यंतर नोंदवले, त्याची कारणे शोधली आणि श्रद्धावान ख्रिस्ती म्हणून त्याविषयीची आपली नापसंतीही लपवली नाही. आरोपीचे म्हणणे निकालपत्रात उतरवले म्हणून ते न्यायाधीशाचे मत होत नाही. संदेश लिहिणाऱ्याने मात्र टॉनी यांनी उलगडून दाखवलेला पूर्वग्रहच त्यांच्या नावावर घातला आहे.

हा पूर्वग्रह तपासण्याचे त्यांचे काम ज्या पैशावर झाले, तो मुंबईहून गेला होता. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी १९१२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी दरवर्षी १,४०० पौंड देऊ केले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रतन टाटा फाउंडेशनचे टॉनी पहिले संचालक झाले. १९१३ सालच्या प्रारंभीच्या व्याख्यानातच त्यांनी भूमिका मांडली की दारिद्र्य हा सुट्या माणसांच्या गुणदोषांचा प्रश्न नसून मुळात उद्योगाच्या रचनेचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी त्यांनी साखळ्या घडवण्याच्या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला असलेल्या क्रॅडली हीथ या गावात बायका घरामागच्या लहानशा खोपटात भाता ओढून लोखंडी सळई तापवीत, ती वाकवीत आणि हातोड्याने ठोकून एकेक कडी जोडीत असत. आठवडाभर राबून अनेकींच्या हाती पाच-सहा शिलिंग (एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स) पडत. १९०९ च्या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाने तासाला अडीच पेन्स हा किमान दर ठरवला, मालकांनी टाळाटाळ केली, १९१० साली या बायका दहा आठवडे अडून बसल्या आणि त्यांनी तो दर मिळवला. अनेकींची मिळकत जवळपास दुप्पट झाली आणि दर वाढवला तर धंदाच बसेल, ही भीती खरी ठरली नाही, असे टॉनी यांना आढळले. बायका त्याच होत्या, भट्टी तीच होती आणि हातोडाही तोच होता. बदलला होता तो दर. ज्याने हे काम केले, त्याच्या नावावर "गरीब आळसाने गरीब राहतो" हे वाक्य माझ्या भाचीच्या वहीत यावे, याचा मला मनापासून राग आला.

भांडवलशाहीच्या जन्माच्या विधानात अर्धे सत्य आहे, एवढे मान्य करावे लागेल. प्रोटेस्टंट पंथांच्या, विशेषतः प्युरिटन या कडक शिस्तीच्या इंग्रज प्रोटेस्टंटांच्या, शिस्तीने आणि काटकसरीने नव्या व्यापारी वर्गाला बळ दिले, हे टॉनी यांना मान्य होते, आणि वेबर यांच्या प्रबंधाच्या १९३० सालच्या इंग्रजी भाषांतराला प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. तथापि त्याच प्रबंधाविषयी त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की पंधराव्या शतकातल्या व्हेनिस, फ्लॉरेन्स, दक्षिण जर्मनी आणि फ्लँडर्स इथे भांडवली वृत्ती भरपूर होती, कारण ती त्या काळची मोठी व्यापारी केंद्रे होती, आणि ती सारी कॅथलिक होती. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर तर सावकारीवर तुटून पडत असे, आणि दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या जिनिव्हात व्याजदरावर मर्यादा होती. "धर्मामुळे देश श्रीमंत झाला" हे सूत्र त्यांच्या ग्रंथातून निघत नाही.

मालमत्तेविषयी थोडक्यात. टॉनी ब्रिटनच्या मजूर पक्षाचे होते आणि सोव्हिएत पद्धतीच्या हुकूमशाहीला त्यांचा विरोध होता. स्वतः कसणाऱ्याची जमीन किंवा कारागिराची हत्यारे काढून घ्या, असे ते म्हणत नव्हते. ज्या मालमत्तेमागे कोणतेही काम नाही, त्या मालमत्तेवर त्यांचा रोख होता. १९१९ साली कोळसा उद्योगाविषयीच्या सँकी आयोगावर ते सदस्य होते. जमिनीखाली कोळसा सापडला म्हणून निघणाऱ्या प्रत्येक टनामागे जमीनमालकाला जे स्वामित्वधन मिळे, ते या मालमत्तेचे चपखल उदाहरण होते. समतेचा त्यांचा अर्थही "सगळे एकसारखे" असा नव्हता. माणसांची बुद्धी आणि कुवत वेगवेगळी असते, हे ते उघड मान्य करीत. परंतु ईश्वरापुढे माणसामाणसांतला फरक क्षुल्लक ठरतो, म्हणून तो फरक वारशाने आणि पैशाने फुगवू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचा समाजवाद त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून आला होता आणि ती श्रद्धा वगळून त्यांना समजून घेता येत नाही.

आरामखुर्चीचे म्हणणे टिकणारे नाही. १९०८ पासून ते इंग्लंडमधल्या रॉचडेल आणि लाँगटन इथल्या कामगारांचे वर्ग घेत होते. पहिल्या महायुद्धात अधिकारीपद नाकारून ते साधे शिपाई म्हणून भरती झाले, सार्जंट झाले, आणि १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी गोळी लागून दोन्ही सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर कित्येक तास पडून राहिले.

कोलकात्याचा जन्म मात्र खरा आहे. ३० नोव्हेंबर १८८० रोजी ते तिथे जन्मले आणि 'कथासरित्सागरा'चे इंग्रजी भाषांतर करणारे प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स टॉनी हे त्यांचे वडील होते. डॉ. आंबेडकर ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले तिथेच टॉनी शिकवत असत, हेही खरे आहे. परंतु बाबासाहेबांच्या रुपयाविषयीच्या प्रबंधाचे मार्गदर्शक एडविन कॅनन होते, आणि १९२३ सालच्या पुस्तकाला काही मतभेद नोंदवून प्रस्तावना लिहिली तीही कॅनन यांनीच. भाचीने ते वाक्य वहीतून खोडले आहे आणि आळसाच्या वाक्याच्या जागी क्रॅडली हीथचा अडीच पेन्सचा दर लिहून घेतला आहे.