जनुकं म्हणजे कुंडली नव्हे : तासगावच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

मेंदूतल्या मूलपेशींवरच्या (स्टेम सेल, म्हणजे विभागत राहून इतर पेशींना जन्म देणाऱ्या पेशी) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला पटेना. म्हणून स्वतंत्रच लिहितेय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादा तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. त्यांच्या पुतण्याच्या बाळाचा पाठीचा कणा जन्मतःच खालच्या बाजूला उघडा राहिला आहे आणि घरातल्या मोठ्यांनी बोट ठेवलंय ते सुनेच्या माहेरावर. दादांचं म्हणणं असं : ‘जनुकं पेशीचं पुढचं ठरवतात असं तुम्ही लिहिता. मग ही नवी कुंडलीच झाली की. त्या पोरीला बोल लावणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. शिवाय माशा-उंदरांवरून माणसाच्या मेंदूबद्दल कसं बोलता? आणि स्टेम सेलच्या इंजेक्शनाचा त्या बाळाला उपयोग होईल का, ते कुठंच नाही.’

तुमचा राग रास्त आहे. पण तुम्ही काढलेला अर्थ मला मान्य नाही. जनुकांचं नियमन नीट समजून घेतलं, तर कुंडलीच्या विरुद्ध याहून भक्कम पुरावा मला तरी माहीत नाही.

साधी गोष्ट बघा. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००. मातीत राहणाऱ्या एक मिलिमीटरच्या सूत्रकृमीतही जवळपास तेवढीच. त्या कृमीत चेतापेशी फक्त ३०२, आणि आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. म्हणजे नुसत्या जनुकांच्या यादीत मेंदूचा आराखडा शोधायला गेलं तर तो सापडत नाही. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक कुठे, कधी आणि किती वेळ चालू राहतं यानं. आणि हे ‘कधी’ आणि ‘किती वेळ’ एकटी पेशी ठरवत नाही.

हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही ते दरवर्षी बागेत बघता. खरड छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यात जो सूक्ष्म कोंब तयार होतो, त्याचा घड होणार की बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, हे वेलीच्या जनुकांत आधीच लिहून ठेवलेलं नसतं. त्या दिवसांत ऊन किती मिळालं, सायटोकायनिन आणि जिबरेलिन या वेलीतल्या संप्रेरकांचं पारडं कुठे झुकलं, यावर ते ठरतं. आभाळ भरून राहिलं की ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात, म्हणून तर सिक्स-बीए या कृत्रिम सायटोकायनिनची फवारणी होते. वेल तीच, जनुकं तीच. गर्भाच्या मेंदूतल्या मूलपेशीपुढचा प्रश्न याच जातीचा आहे : मूलपेशी म्हणून विभागत राहायचं, की चेतापेशी व्हायचं?

आता ती पेशी काय करते ते सांगते, कारण मला या विषयाचं वेड लागलं ते इथंच. एखादी पेशी चेतापेशी होण्याकडे झुकली की तिच्या पृष्ठभागावर डेल्टा नावाचं प्रथिन येतं. ते शेजारच्या पेशीवरच्या नॉच नावाच्या प्रथिनाला भिडतं. त्या शेजारणीत मग हेस गटाची जनुकं जागी होतात आणि चेतापेशी बनवणाऱ्या जनुकांना दाबून धरतात. परिणामी ती मूलपेशीच राहते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण सगळ्यांनी एकदमच चेतापेशी व्हायचं ठरवलं तर पुढे विभागायला कुणी उरणार नाही. हेस जनुकं काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भात नेमकं हेच होतं. चेतापेशी वेळेआधी तयार होतात, मूलपेशींचा साठा संपतो आणि पुढच्या टप्प्यात जन्मणाऱ्या पेशी बनतच नाहीत.

याच्याही पुढची गोष्ट जपानमधल्या क्योटोच्या र्‍योइचिरो कागेयामा यांच्या गटानं दाखवली. हेस-१ हे प्रथिन स्वतःच्याच जनुकाला बंद करतं. मग प्रथिन झपाट्यानं नष्ट होतं, जनुक पुन्हा सुरू होतं, प्रथिन पुन्हा वाढतं. उंदराच्या मूलपेशीत हे चढउतार दर दोन-तीन तासांनी चालू असतात. त्याच्याबरोबर ॲस्क-एल-१ नावाचं, पेशीला चेतापेशी होण्याकडे ढकलणारं दुसरं प्रथिनही वरखाली होतं. २०१३ साली या गटानं निळ्या प्रकाशानं चालू-बंद करता येईल अशी व्यवस्था पेशीत बसवली. ॲस्क-एल-१ सतत चालू ठेवलं तर पेशी चेतापेशी झाली. तेच प्रथिन सुमारे तीन तासांच्या लयीत वरखाली होऊ दिलं, तर पेशी मूलपेशी म्हणून विभागत राहिली. जनुक तेच, प्रथिन तेच, फक्त लय वेगळी आणि निकाल उलटा. सांगा दादा, कुंडलीत हे कुठे बसतं?

काळाचंही तसंच. मेंदूच्या मूलपेशी आधी चेतापेशींना जन्म देतात, आधारपेशींची पाळी नंतर येते. अमेरिकेतल्या मेंदूसंशोधक सुसान मॅककॉनेल यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात, कमी वयाच्या मेंदूतल्या विभागत्या पेशी जास्त वयाच्या मेंदूत नेऊन ठेवल्या. शेवटच्या विभाजनाआधी पुरेशा लवकर हलवलेल्या पेशींनी नव्या जागेचं ऐकलं आणि तिथल्या थरात जाऊन बसल्या. उशिरा हलवलेल्या मात्र जुन्याच ठिकाणच्या थरात जायच्या. म्हणजे सभोवतालचं ऐकण्याची मुभा असते, पण तिलाही मुदत असते.

माशीबद्दल. नॉचचा माग लागला तो १९१०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतल्या फळमाशांच्या खाचलेल्या पंखांवरून. ॲस्पम या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर माणसाच्या बाळाचं डोकं लहान राहतं, हे २००२ साली कळलं. त्याचं माशीतलं भावंड त्याआधीच माहीत होतं. माशीचा मेंदू माणसासारखा असतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण पेशींमधल्या या जुन्या यंत्रणा दोघांत सामायिक आहेत, आणि माणसाच्या गर्भावर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत.

ॲस्पमचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. जनुकांना काहीच महत्त्व नाही असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. पण त्या आजारातही सदोष प्रत एक आईकडून येते आणि एक बापाकडून. आपल्या सांगली-साताऱ्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. अशा लग्नात दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. दोघांकडे, एकट्या सुनेकडे नव्हे. उलट ब्राझीलमध्ये २०१५ साली झिकाच्या साथीत जी बाळं लहान डोक्याची जन्मली, तिथं विषाणूनं मेंदूच्या मूलपेशीच गाठल्या होत्या. त्यांचं माहेर-सासर काढून काय मिळणार होतं?

आता तुमच्या घरातल्या बाळाबद्दल. ज्या मज्जानलिकेच्या (गर्भातली ही नळी पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते) भिंतीतून या मूलपेशी येतात, ती गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ती न मिटण्यामागे बहुतेक वेळा अनेक जनुकं आणि अनेक बाहेरची कारणं एकत्र येतात, एका कुणावर बोट ठेवताच येत नाही. आणि यातला काही भाग टाळता येतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांत केलेल्या चाचणीत, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं तेव्हा पुन्हा तसा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. जे रोजच्या गोळीनं एवढं बदलतं, ते ललाटी लिहिलेलं होतं असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवा. मात्र सगळे दोष यानं टळत नाहीत, म्हणून ‘गोळी घेतली नाहीस’ असा नवा ठपकाही त्या पोरीवर येऊ देऊ नका.

इंजेक्शनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : त्यासाठी पैसे देऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधनात मोडतं आणि ते मान्यता असलेल्या, नोंदणीकृत चाचणीतच करायचं असतं. कारण वर आलंच आहे. ती वेळ, ती शेजारीण, ती लय यांतलं काहीच इंजेक्शनाच्या सुईतून जात नाही. त्यापेक्षा बाळाला लहान मुलांच्या न्यूरोसर्जनकडे नियमित दाखवा. डोक्यात पाणी साठतंय का, लघवीचा मार्ग नीट आहे का, यावर लक्ष ठेवणं आणि फिजिओथेरपी यांनी अशा मुलांचं आयुष्य खरोखर बदलतं.

आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर किमान दोन-तीन महिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, फोलिक ॲसिडचा डोस त्यांनाच ठरवू द्या, जनुकीय सल्ल्याचंही विचारा. सुनेला एकटीला पाठवू नका, तुमच्या पुतण्यालाही बरोबर न्या.